कुहीचा दुपट्टा

रेल्वे संग्रहालयात फेरी मारणारी छोटी गाडी अगदी रिकामी होती. रुख्माबाई खिडकीशी बसल्या होत्या आणि खाली नात रोशनी त्यांचे फोटो काढत होती. शुक्रवारी मुलगा त्यांना कायमचं पुण्याला नेणार होता. 'बाबा गेल्यावर नागपुरात आता तुझं कोण आहे?' असं म्हणत त्यानं तिकीटही काढलं होतं.

एवढ्यात खिडकीतून पट्ट्यापट्ट्यांचा दुपट्टा उडत आला... आणि थेट त्यांच्या मांडीवर!

"जागा धरली जी!" पाठोपाठ पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ धापा टाकत चढले.

रुख्माबाईंनी मोकळ्या डब्याकडे पाहिलं. "कोणापासून धरली? माश्यांपासून?"

"आदत आहे, बाई. मी ताराचंद, कुहीचा. आमच्या छोट्या गाडीत दुपट्टा टाकल्याबिगर जागा भेटत नव्हती."

कुही! रुख्माबाई त्याच नॅरोगेज मार्गावरच्या उमरेडच्या विणकराची लेक. पावसाळ्यात रस्ता चिखलात गेला की दवाखाना, कॉलेज, बाजार, सगळं त्या गाडीच्या भरवशावर. दर सोमवारी त्या बापासोबत लुगड्यांचे गठ्ठे घेऊन नागपूरला येत.

"तरी मी उभ्यानंच जाओ," ताराचंद सांगत होते. "एक पोरगी गठ्ठ्यावर राणीसारखी बसे. माझा दुपट्टा पडला का उचलून खिडकीबाहेर! गाडी एवढी हळू... मी उतरून, दुपट्टा घेऊन, पळत पुन्हा चढो."

रुख्माबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सदुसष्टाव्या वर्षी — म्हणजे अतीच झालं!

"पावसानं ओला राहे तो दुपट्टा," त्या हळूच म्हणाल्या. "आमची लुगडी खराब झाली असती."

ताराचंदांच्या मिशा जागच्या जागी थांबल्या. "म्हणजे... तुम्ही?"

"मागचा डबा तं रिकामा राहे. तिथं काहून नाही बसले?"

"जागा कोणाले पाहिजे होती, बाई?"

रुख्माबाईंनी पदर सारखा केला. तो सारखाच होता.

"एका सोमवारी बोलणारच होतो," ते म्हणाले. "डब्यात गठ्ठा होता, तुमचे बाबूजी होते... तुम्ही नव्हत्या. लग्न झालं म्हणे. मग माझंही झालं. ती गेली, त्याले नऊ वर्षं झाली. उद्या... येता का जी इथं?"

"शुक्रवारी पुण्याले चालली मी. कायमची."

"म्हणजे याही वेळी गाडी सुटली." ताराचंदांनी दुपट्टा उचलला, हळूहळू घडी घातली आणि ते खाली उतरले.

शिट्टी झाली. एक जाडजूड गृहस्थ चिप्सचं पाकीट घेऊन चढले आणि समोरच्या बाकावर टेकणार —

"थांबा जी!" रुख्माबाई खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकल्या. "ओ कुहीवाले! दुपट्टा टाका ना! हे बसून राहिले!"

दुपट्टा आला. या वेळी त्यांनी तो हवेतच झेलला, बाकावर पसरला आणि वर हात ठेवला.

खाली रोशनीनं फोटो टिपला, पण मोबाइल तसाच वर राहिला. "आजी, काय चाललं?"

"तुझ्या पप्पाले सांग वं," रुख्माबाई म्हणाल्या, "शुक्रवारचं तिकीट रद्द कर म्हणावं. काहून विचारलं तं हा फोटो पाठव."