तिसरी हाक

ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली आहे. माझ्या आजोळी ती कुणी सांगत नाही. सांगायची लाज वाटते.

१९७५ सालचा फाल्गुन. कवठे महांकाळजवळचं मामांचं गाव. रात्र नव्हती... टळटळीत दुपार होती.

त्या गावात एक समज होता. भर दुपारी डोंगराकडून कुणी नावानं हाक मारली, तर लगेच ओ द्यायची नाही. भूत दोनदाच बोलावतं. तिसरी हाक आली, तर ती माणसाची.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. दुष्काळ सरला होता आणि डोंगरावर कमरेएवढं गवत वाळून उभं होतं. वणव्याच्या भीतीनं गावानं टोळी केली, घरटी एक माणूस. माझे नानासोमामा त्या टोळीचे पुढारी. धुळा नावाचा मेंढपाळ डोंगरावर राखणीला. धूर दिसला की त्यानं मामांना हाक मारायची आणि मामांनी माणसं घेऊन धावायचं, असं ठरलं होतं.

एका दुपारी धुळानं हाक मारली.

दोनदा.

मामा जेवत होते. हातातला घास तसाच धरून ते तिसऱ्या हाकेची वाट बघत बसले...

ती आलीच नाही.

गावातून धूर दिसला, तोवर अर्धा डोंगर जळाला होता. धुळाही.

हे सगळं मला मामींनी हळू आवाजात सांगितलं होतं. मी तेव्हा वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. करत होते आणि अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता.

वर्षानं, मी तिथं होते त्या दुपारी, सारं गाव डोंगराच्या पायथ्याशी गवत कापत होतं. आग पुढं सरकू नये म्हणून मोकळी पट्टी काढायची होती. धुळाची बायको भामाबाई सगळ्यांच्या पुढं. मामा तिच्यापासून सर्वांत लांब.

"ताई, इळा हाय त्यो, पेन न्हवं," शेजारी गवत कापणारा बाळासो मला म्हणाला. "बोट गेलं तर परीक्षा कशी देशीला?"

सगळे हसले. मामासुद्धा.

तेवढ्यात झाडांवरचे होले पक्षी घुमायचे थांबले...

"नानासोऽऽऽ..."

हाक डोंगरावरून आली. सगळे विळे जागच्या जागी थांबले. कुणी मान वर केली नाही.

"कोण आहे वर?" मी बाळासोला विचारलं.

"गप ऱ्हावा."

मला वाटलं, प्रतिध्वनी असेल. पण त्याआधी कुणीतरी हाक मारायला हवी होती. आणि आम्ही तर सगळे इथंच होतो.

"नानासोऽऽऽ..."

भामाबाई ताठ उभी राहिली.

"आवं नानासो, ओ द्या की. औंदा तरी!"

मामा हातातल्या विळ्याकडंच बघत राहिले.

मग तिनंच डोंगराकडं तोंड करून साद घातली.

"आवंऽऽ, आलो! समदी आलो!"

आणि ती पळत सुटली. तिच्यामागं सारं गाव. मामा सर्वांत शेवटी.

टेकाडापलीकडच्या खोलगट जागेत गवत पेटलं होतं. आग लहान होती. अर्धी तर विझलेली होती...

कुणीतरी बडवून विझवलेली.

राखेच्या कडेला तरवडाची एक डहाळी पडली होती. पानं करपलेली. मोडलेलं टोक मात्र हिरवं, ओलसर. नुकतंच मोडलेलं.

मी राखेत पावलं शोधली. एकही नव्हतं.

माणसांनी उरलेली आग विझवली. शेवटी खाली बघत मामांनी विचारलं,

"तिसऱ्यांदा का न्हाई हाक मारली त्यानं?"

भामाबाईनं ती डहाळी उचलली.

"हातानं आग बडवत व्हते, नानासो. तोंडात धूर. तिसऱ्यांदा कसं बोलावनार?"

मामांनी टोपी काढली आणि ते तिथंच राखेत बसले. भामाबाईसमोर त्यांची मान पुन्हा कधी वर झालेली मी पाहिली नाही.

ती डहाळी कुणी मोडली, मला आजही सांगता येत नाही.

आता दुपारी घरात एकटी असताना हाक आली, की मी पहिल्याच हाकेला ओ देते. मग दार उघडते.

कधी कधी बाहेर कुणीच नसतं...

तेव्हा मी गच्चीवर जाते आणि कुठं धूर दिसतो का बघते.