नजर खाली ठेवा, पावणं!

सकाळभर कंबर मोडून शीलानं खळं सारवलं होतं. सारवण अजून ओलं होतं, तेवढ्यात कुंपणापलीकडून एक पांढरा चेंडू गडगडत आला आणि त्या ओल्या सारवणात रेघ ओढून थांबला! मागोमाग चेंडूचा मालक. पायांत बूट!

“बूट काढा आधी! डोळं हायेत का बटणं?”

“चुकलो... पण काय खळं हाय हो! पुण्याच्या मैदानावर बी असलं सपाट न्हाई.”

लोक पोरीचं रूप वाखाणतात, हा खळं वाखाणतोय! शीलानं कपाळावर हात मारला. हात शेणाचा आहे, हे ती रागात विसरलीच. तो खो-खो हसला, आणि ती आणखीच भडकली.

हा संपत, राजुरीचा, शेजारच्या लंकाबाईचा भाचा. चार वर्षं पुण्याला साहेबांच्या गोल्फच्या काठ्या वाहता वाहता खेळ शिकला होता. आता छप्पन्न साल उजाडलं होतं, आणि तोच खेळ शिकवायची नोकरी त्याला लागली होती. पुण्याला हजर होईपर्यंत पंधरा दिवस मावशीकडे पिंपळवंडीत. खळं वाळलं तसा तो रोज यायला लागला. मळणीचा तिवडा, बैल बांधायचा खांब, अजून रोवायचा होता, त्याचं भोक मधोमध रिकामंच होतं. कडेला उभं राहून चेंडू त्या भोकात घालायचा. शीलाच्या बापाची, हौशीरामची, त्याला ना नव्हती.

एकदा त्यानं शीलाच्याच हातात काठी दिली. “चेंडूच्या मागल्या अंगावर नजर रोवायची. भोकाकडं बघायचं न्हाई. मारल्यावर बी मान वर न्हाई... पडल्याचा आवाज ऐकायचा.”

“आन् न्हाई पडला तर?”

“तरी बी घाई न्हाई करायची.”

सांगायला मोठा शहाणा! स्वतः काठी उचलली की ह्याचे डोळे शीलावर आणि चेंडू निवडुंगात. आणि दोघंच असली, चार शब्द बोलायची वेळ आली, की नजर जमिनीला खिळलेली.

“शीला...”

“काय?”

“...खळं चांगलं वाळलं.”

आता ह्याला काय म्हणावं!

इकडे पारगावचं स्थळ आलं होतं, गुरुवारी होकार कळवायचा होता. लंकाबाईनं भाच्यासाठी शब्द टाकून पाहिला, तर हौशीराम म्हणाला, “काठ्या वाहणाऱ्याला पोरगी देऊ?” संपत बुधवारच्या एस.टी.नं निघणार, आणि अजून त्याचं तोंड उघडलं नव्हतं. शीलाच्या जिवाचं पाणी पाणी होत होतं.

मंगळवारी दुपारी हौशीराम खळ्याच्या कडेला येऊन बसला. लंकाबाईही कुंपणाशी येऊन उभी राहिली. “बघू तरी तुझी इद्या. पाचात एक तरी घाल.”

शीला पाण्याचा तांब्या घेऊन समोरच उभी. पाचही चेंडू हुकले.

“ह्याचा पगार देत्यात व्हय तुला?” हौशीराम हसला. संपत आपला खाली बघत काठी पुसत राहिला.

शीलानं तांब्या दाणकन ठेवला. “आबा, मी नसते तवा इसातलं अठरा पडत्यात! कुडाआडून रोज बघतीया मी. मी दिसले की पावणं मान वर करत्यात!” मग ती संपतकडे वळली. “मारताना खाली बघायचं, तर माझ्याकडं बघता. बोलताना माझ्याकडं बघायचं, तर खाली बघता! किती सोसायचं माणसानं?”

लंकाबाईनं तोंडाला पदर लावला. संपतनं मान उचलली आणि थेट हौशीरामच्या डोळ्यांत बघितलं.

“मामा... मला शीला पायजे.”

“इसातलं अठरा?” हौशीरामनं मिशी कुरवाळली. “द्यायला काय... पर हिला पुण्याला न्हेलंस, तर चार दिसांत तुझी नोकरी जाईल की रं!”

“मी कशाला मैदानावर जाईन?” शीला अजून तावातच होती. “मी घरी ऱ्हाईन, भाकऱ्या थापीन!”

बोलून गेली आणि मग तिला कळलं, आपण काय बोललो ते. अग बाई! कानशिलं तापली.

“लंकाबाई,” हौशीराम उठला, “आता काय इचारायचं ऱ्हायलं? पारगावला नकार धाडतो.”

शीलानं वर बघितलंच नाही. मेला आपल्याकडेच बघतोय, हे तिला न बघताही कळत होतं. बघू दे मेल्याला.