मारबतीनं नेलं ते

गिरिधर बोकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी नागपुरात आला तो ठरवूनच, की या खेपेला मायला घेऊनच परतायचं. साल एकोणीसशे त्र्याहत्तर. भिलाईच्या कारखान्यात तो फोरमन होता, क्वार्टर ऐसपैस, नळ अंगणात. इकडे नागपुरात, महाल भागातल्या एका बोळात त्याची माय भागीरथाबाई एकटीच राहायची. तिचा नवरा विणकर. तो गेल्यावर हातमागही विकून टाकला होता. हिवाळ्यात म्हातारी न्हाणीत घसरून पडली, हात मोडला, आणि गिरिधरला ते कळेपर्यंत प्लास्टरसुद्धा निघालं होतं. तेव्हापासून त्याचा जीव टांगणीला लागला होता. पुढच्या वेळी ती पडली आणि कुणाला कळलंच नाही तर?

पण म्हातारी ऐकेल तर शपथ.

"काहून वं माय, तिथं काय वाघ खाते का तुले?"

"वाघ नाही खात गा. पन तिथं मी कोन? गिरिधरची माय. इथं बोळातून निघाली का चार जन इचारते, भागीरथे, कुठं चालली?"

"कुठंबी जा, पळसाले पानं तीनच."

"असतीन तीन. पन सावली त आपल्याच झाडाची राह्यते ना."

गिरिधर यंत्रांचा माणूस. यंत्र अडलं की कुठला भाग अडवतो ते शोधायचं आणि तो काढून टाकायचा, हे त्याचं शास्त्र. मायच्या नकारात अडवणारा भाग एकच होता, हे गाव. त्याला इथं उघडी गटारं दिसत, खड्डे दिसत, सायकलरिक्षांच्या घंट्यांनी डोकं उठे. पाहुण्याला गाव दिसतं ते असंच. मायला मात्र यातलं काहीच दिसत नसे, आणि तिला जे दिसे ते दाखवता येण्यासारखं नव्हतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघाली. बांबू-कागदाची भलीमोठी बाई, डोळे वटारलेले, जीभ बाहेर. एक पिवळी, एक काळी. मागून ढोल, गुलाल आणि माणसांचा लोंढा. गावाची सारी पीडा तिनं घेऊन जायची आणि वेशीबाहेर जळून जायचं. एकानं ओरडायचं, "खोकला, हिवताप...", की साऱ्यांनी सूर लावायचा, "घेऊन जा गे मारबत!" डास जा, महागाई जा, रॉकेलची लाइन जा. कुणी सासूलाही त्यात घालू बघे, पण ते मनातल्या मनात. कारण बोकड्यांच्या बोळात एक रीत कडक पाळली जायची. मारबत समोर असताना नाव घ्यायचं ते पीडेचं. जे आपलं आहे त्याचं नाव तेव्हा तोंडातून काढायचं नाही. बायका त्या घटकेला पोरांना हाकदेखील मारत नसत.

गिरिधरला ही रीत लहानपणापासून ठाऊक होती. पण त्या सकाळी मायशी पुन्हा वाजलं होतं, डोकं भणभणत होतं, आणि गर्दीत माणूस चेकाळतो. ती दारातल्या पायरीवर उभी होती. तिला चिडवायला म्हणून त्यानं हात उंचावले आणि ओरडला,

"माझ्या मायचं नागपूर घेऊन जा गे मारबत!"

एरवी बोळ काहीही ऐकलं तरी सूर लावायचा. या वेळी कुणी तोंड उघडलं नाही. ढोल वाजतच होता. वाहणारी पोरं खांदे लावून रेटत होती, तरी मारबत भागीरथाबाईच्या दारासमोर जराशी थांबली. मग आपसूक पुढं सरकली.

"आपल्या वस्तूचं नाव नाही घ्याचं गा," शेजारचे चंपतराव म्हणाले. बोळातली वडीलधारी असामी.

"मजाक केली, काका."

चंपतराव हसले नाहीत.

संध्याकाळी भागीरथाबाई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "कवा निघाचं हाये?"

गिरिधरला आभाळ ठेंगणं झालं. इतकी वर्षं अडलेलं यंत्र एका फटक्यात सुरू! त्यानं सकाळच्याच गाडीची तिकिटं काढून आणली.

सकाळी ती घागर घेऊन नळावर गेली आणि रिकामीच परत आली. "नळ कुठं हाये, सापडून नाही राहिला." नळ बोळाच्या तोंडाशीच होता, ती या घरात नवरी म्हणून आली तेव्हापासूनचा. गावाला जायची गडबड, गिरिधरनं मनाशी म्हटलं. वय झालंय.

निरोप द्यायला बोळातली गोपिकाबाई आली. भागीरथाबाईचं पहिलं बाळंतपण हिनंच निभावलेलं. ती गळ्यात पडून रडू लागली, तशी मायनं तिची पाठ थोपटली.

"रडू नका बाई. तुमचं गाव लई चांगलं हाये."

गोपिकाबाईचं रडं जिथल्या तिथं थांबलं. पदर तोंडाशी धरून ती एक-एक पाऊल मागं सरत गेली.

गिरिधर भिंतीवरचा बापाचा फोटो काढायला स्टुलावर चढला.

"लोकाच्या घरातलं सामान काहून घेऊन राहिला गा?" माय खालून म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसती लाज होती, पाहुण्याला वाटते तशी.

तरी फोटो त्यानं पिशवीत घातलाच.

रिक्षा महालालगतच्या शुक्रवारी नावाच्या तलावाकाठून निघाली. मायनं दोन्ही बाजूंना मान वळवून पाहिलं, यात्रेला आलेली माणसं पाहतात तसं. "हे कोनतं तळं व्हय?" रिक्षावाल्यानं नाव सांगितलं. तिनं कौतुकानं मान डोलावली.

गिरिधरनं फोटोची पिशवी मांडीवर घेतली. बोललो तर काय उत्तर येईल, याची त्याला भीती वाटत होती.

गाडी सुटली. इतवारी गेलं, कामठी गेलं. माय खिडकीबाहेर बघत होती, चेहरा अगदी निवांत. तिच्या कपाळावर आठी अशी उरलीच नव्हती.

तिनं शिदोरीचं फडकं सोडलं. दशमी मोडून अर्धी त्याच्यापुढं धरली.

"घ्या ना, भाऊ. घरची हाये."

मग तिचा हात मधेच थांबला.

"कोन्या घरची, ते मात्र आठवून नाही राहिलं."

तेव्हा गिरिधरला उमगलं, मारबतीनं काय काय नेलं ते. तिचं लग्न त्या बोळातलं, तिचे कष्ट तिथले, नवऱ्याचं मरण तिथलं. आणि तोही जन्मला होता तिथंच, त्याच खोलीत.

"माय," तो म्हणाला. त्यानं तिचे दोन्ही हात धरले. "माय, मी गिरिधर."

तिनं हात सोडवून घेतले नाहीत. परक्या माणसाशी बोलावं तशी ती अदबीनं हसली.

"चांगलं नाव हाये," ती म्हणाली. "तुमच्या मायनं ठेवलं का?"