चौतीस टक्के

सांगतो, पण मधे काही विचारू नका, नाहीतर मला पुढे बोलवणार नाही.

जुन्या फोनमध्ये नवी बॅटरी बसवणं हे माझं रोजचं काम. बसवायला दहा मिनिटं लागतात. खरं काम पुढे असतं. एका दमात शंभर टक्के भरायची, मग फोन आपोआप बंद पडेपर्यंत उतरवायची आणि पुन्हा भरायची. तेव्हा कुठे फोनला बॅटरीचा अंदाज येतो, नाहीतर आकडा नुसत्या थापा मारतो. यात अख्खा दिवस जातो. शेजारच्या गल्लीतल्या मास्तरांच्या फोनला मी तो दिवस दिला नाही. "झालं, मास्तर," म्हटलं आणि मोकळा झालो.

फोन चौतीस टक्के दाखवत असतानाच बंद पडायला लागला. मास्तर दोनदा आले, दोन्ही वेळा मी "उद्या या" म्हणून वाटेला लावलं. मग एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. आले डोकं खायला, असं म्हणत मी तो उचललाच नाही. त्याच संध्याकाळी टेकडीच्या चढावर छातीत कळ येऊन ते गेले. हातात बंद पडलेला फोन होता. त्यांनी शेवटचा फोन मला केला होता, हे मी कुणालाच सांगितलं नाही.

महिन्याने मास्तरीणबाई तो फोन घेऊन आल्या. सिमकार्ड काढलेलं होतं.

"यात यांचे फोटो आहेत. सारखा बंद पडतो. नीट करून द्याल?"

त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी फोन शंभरावर नेला आणि टॉर्च लावून उतरवायला ठेवला. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आकडा चौतीसवर आला. टॉर्च चालूच राहिला, पण स्पीकरमधून धाप ऐकू येऊ लागली... चढ चढणाऱ्या माणसाची.

"मास्तर...?"

मधेच बंद केला असता तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. एकदा कामचुकारपणा केला होता, पुन्हा हिंमत झाली नाही. ऐकत बसलो. वीस... नऊ... धाप तुटक होत गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलं माझं... उचलायला हवा होता..."

फोन शून्यावर विझला. धाप त्यानंतरही थोडा वेळ चालू होती.

पुन्हा पूर्ण भरून, बंद करून, सकाळी तो बाईंच्या हातात दिला. "आता दगा देणार नाही."

"माहीत आहे," त्या हळूच म्हणाल्या. "काल दुपारी यांचा फोन आला होता."

मी विचारलं, "काय... म्हणाले?"

"धाप लागली होती हो. म्हणाले, त्यानं उचलला नाही, पण त्याला बोलू नकोस." त्या माझ्याकडे अगदी मायेनं बघत होत्या. "कुणी उचलला नाही? तुम्हाला काही ठाऊक आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांच्या हातातल्या बंद फोनमधून कुणीतरी सुस्कारा सोडला. तो बाईंनीही ऐकला.