वाटीखर्च

शैलजा मगदूम आपण नसण्याची तालीम करत होत्या. सांगलीच्या फ्लॅटमध्ये त्यांचा सव्वीस वर्षांचा मुलगा निनाद होता आणि त्या मिरजेला बहिणीकडे, फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

स्वमग्न निनादचं आपल्यामागे कसं होणार, या काळजीत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. नवऱ्याच्या पश्चात त्यांनी विमा, ठेवी, सगळं केलं. पण तो पैसा वेळेला खर्च कोण करणार? आता कायद्याने ‘विश्वस्त’ला मान्यता दिली होती. विश्वस्त म्हणजे संगणकी कारभारी. तो घराच्या सवयी शिकायचा, ठेवींतून बिलं भरायचा, मदतनीस नेमायचा आणि कोर्टाला हिशेब द्यायचा. कारभार सोपवण्याआधी पालकाने महिनाभर लांब राहून पाहायचं, एवढाच नियम होता. दीर-पुतण्यांचा पैशावरचा डोळा ओळखून शैलजाताईंनी अट घातली होती, की निनादखेरीज कुणावरही पैसा खर्चायचा नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं. शर्टाचं टोचणारं लेबल आठवणीने कापलं जात होतं, मिक्सर लावण्याआधी निनादला सांगितलं जात होतं. ताईंचा जीव भांड्यात पडत होता, तोच विश्वस्ताचा फोन आला.

“ताई, निनाद संध्याकाळी जेवत नाही. समोरच्या गोदाक्कांकडून आमटीची वाटी येणं बंद झालंय.”

“का?”

“त्यांच्या सगळ्या वाट्या आपल्या ओट्यावर आहेत. निनादने घासून ओळीने मांडल्यात, पण रिकामी वाटी परत न्यायची नाही म्हणतो. ‘काय भरू?’ असं मला विचारतो. काहीही भरलं, तरी तो गोदाक्कांवरचा खर्च होतो. तुमच्या अटीत बसत नाही.”

शैलजाताई आधी हसल्या, मग त्यांचे डोळे भरून आले. शेजारची वाटी रिकामी धाडू नये, हे त्यांनीच लहानपणी त्याच्या गळी उतरवलं होतं. तो ते विसरला नव्हता. एवढ्या आखणीत विसरल्या होत्या त्या स्वतःच. त्यांनी गोदाक्कांना फोन लावला.

“मला वाटलं, पोराला आता माझ्या हातचं नको झालं,” गोदाक्का म्हणाल्या. “आपलीच वाटी मागायला कसं येऊ गं?”

“अक्का, इतकी वर्षं तुम्ही त्याला घास भरवलात. मी कधी बोलूनसुद्धा दाखवलं नाही.”

“ते राहू दे. पोर माझ्या आमटीवर फुंकर घालत बसतंय, ते दारातनं बघत माझी संध्याकाळ जाती. तू वाट्या तेवढ्या धाड.”

शैलजाताईंनी अट सैल केली आणि खर्चात एक नवं खातं उघडायला सांगितलं: वाटीखर्च.

“यातून निनादचा फायदा कसा मोजू?” विश्वस्ताने विचारलं.

“मोजू नकोस. शेजार आहे तोवर चालू ठेव.”

गोदाक्कांसारखं माणूस दाराशी मिळालं, याबद्दल त्यांनी मनातल्या मनात हात जोडले. कित्येक वर्षांनी त्यांना दुपारची झोप लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विश्वस्ताचा पुन्हा फोन आला. या खेपेला तो जरा अडखळल्यासारखा वाटला.

“ताई, वाटीत घालायला मी साखर सुचवणार होतो. त्याआधीच निनादने स्वतःच्या वाटणीची चिक्की वाटीत घातली आणि समोर नेऊन दिली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हा खर्च मी कोणाच्या नावावर लिहू?”