लाईट आली की हाक मार

श्रावणातला तिसरा सोमवार होता आणि शिवगंगाबाई स्वयंपाकघरात खाली बसून खलबत्त्यात शेंगदाणे कुटत होत्या. दिंद्रुडच्या पेठेत पुढं किराणा दुकान आणि मागं तीन खोल्यांचं घर. दुकानातून नवरा शंकरप्पा पाणी प्यायला आत आले की सोमवारी त्यांचं बोलणं ठरलेलं असायचं.

"मिक्सर काय पूजेला मांडलाय का? बारा वर्षं झाली. सोमवार आला की तुजं आपलं धपधप, धपधप."

"उपासाचं हातानंच केलेलं बरं असतंय," बाई म्हणायच्या आणि मान खाली घालायच्या.

खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. कपिलधारच्या यात्रेत स्वामींच्या समाधीपुढं डोकं टेकलं, तेव्हासुद्धा ते ओठापर्यंत येऊन माघारी गेलं होतं.

"आई! कूट ऱ्हाऊ दे, इकडं ये आधी!" मधल्या खोलीतून प्रणिताची हाक आली.

प्रणिता पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करायची. पण चार महिन्यांपासून तिनं स्वतःचा एक उद्योग काढला होता. माळ्यावरच्या पेटीतून तिनं तिच्या भावाचा, संगमेश्वरचा, जुना टीव्ही गेम खाली काढला. गेमचा डबा आतून गंजून गेला होता. कॅसेट तेवढी शाबूत होती. लाल मुलगा आणि निळा मुलगा, दोघांनी मिळून किल्ल्यावर पोचायचं, असा तो खेळ. लाल संगूचा, निळा पनीचा, म्हणजे प्रणिताचा. संगूला जाऊन या श्रावणात बारा वर्षं होत होती.

"यंत्र मेलं, आई," तिनं तेव्हा समजावून सांगितलं होतं. "पण कॅसेटीतलं सगळं मी उतरून घेतलंय. आता कॉम्प्युटरमधी त्या जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल लिहायची. इतकी हुबेहूब की खेळाला वाटलं पाहिजे, आपण अजून आपल्याच डब्यात हाओत. याला एम्युलेटर म्हणतेत."

"म्हंजी जीव जुना आणि कुडी नवी," बाई म्हणाल्या होत्या.

प्रणिता हसली होती. "तसंच समज की."

"आणि त्या कुडीत दुसरंच कुणी येऊन बसलं तर?"

"आई, तू ना..."

बाईंनी हात धुतले. मधल्या खोलीत अंधारून आलं होतं. त्यांनी बटण दाबलं, बल्ब लागला, तसे नेहमीप्रमाणं त्या उजेडाला हात जोडले. टेबलावर दुकानातला जुना कॉम्प्युटर, दोन्ही बाजूंना दोन छोटे स्पीकर, आणि सगळ्याची मिळून एकच पिन भिंतीतल्या बोर्डात खोचलेली. घरात पिन लावायचा बोर्ड एवढा एकच. तेव्हाही एकच होता.

"चित्र आलं बघ! आवाज तेवढा लिहायचा ऱ्हायलाय, म्हणून मुकं हाय. पण एक कळंना झालंय..." प्रणिता पडद्याकडं बघत म्हणाली. "खेळ पहिल्यापासून सुरू व्हायला पाहिजे. हा थेट मधनंच उघडलाय. या कॅसेटीत डाव साठवायला जागाच न्हाई, आई. वीज गेली की सगळं पुसतंय. मग हे कुठनं आलं?"

बाईंनी पडद्याकडं बघितलं.

मोडका पूल. पुलाच्या मधोमध लाल मुलगा. खाली पायरीवर निळा. दोघंही थांबलेले.

हे चित्र त्यांनी बघितलं होतं. असाच सोमवार, दुपारची वेळ. संगू तापानं फणफणलेला, तरी लोडाला टेकून पनीसंगं खेळत होता. त्या पुलापर्यंत तो पहिल्यांदाच पोचला होता. थकला, तेव्हा त्यानं डाव थांबवला. "कुणी हात लावू नका," म्हणाला आणि डोळे मिटले. पनी अंगणात पळाली. बाईंना कूट करायचा होता. पोरगं झोपलंय, दोन मिनिटांचं तर काम, म्हणून त्यांनी टीव्ही आणि गेमची मिळून असलेली पिन काढली आणि मिक्सरची लावली.

मिक्सरच्या आवाजानं तो जागा झाला नाही. नंतर जागा झाला, तेव्हा पडदा काळा होता.

"अव्वा, माझा डाव?"

आजीच्या बोलीत आई म्हणजे अव्वा; तिचं ऐकून तो एकटाच त्यांना अव्वा म्हणायचा. पनी पहिल्यापासून आईच म्हणायची.

"लाईट गेली, बाळा," बाई म्हणाल्या होत्या.

दिवसाढवळ्या बल्ब कुठला, आणि थंडी वाजते म्हणून पंखाही बंद. त्याला खरं वाटलं. "लाईट आली की हाक मार," तो म्हणाला. "पनीला पण सांग. डाव अर्धा हाय."

संध्याकाळी त्याला जीपमधून बीडला नेलं. तिसऱ्या दिवशी आणलं ते माती द्यायलाच.

ती हाक मारायची राहून गेली होती. बारा वर्षं ती बाईंच्या गळ्यात अडकून होती. आणि आता तो पूल समोर बघून त्यांना वाटलं, देवानंच ही वेळ आणून दिली. त्या पडद्याजवळ गेल्या, पदर सावरला आणि हळूच म्हणाल्या,

"संगू... ए संगू... लाईट आली रं, बाळा."

तिन्हीसांजेची वेळ आहे, अशा वेळी कुणाला नावानं हाक मारू नये, हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही.

पडद्यावरचा लाल मुलगा हलला.

"पने, तू दाबलंस का काही?"

प्रणितानं दोन्ही हात वर करून दाखवले.

लाल मुलगा पुलावरून माघारी फिरला. पायऱ्या उतरून निळ्याजवळ आला आणि जागच्या जागी दोनदा उडी मारली. पनी मागं राहिली की संगू असंच करायचा. दोन उड्या म्हणजे चल.

"दादा..." प्रणिता पुटपुटली.

खोलीत एक वास आला. उदबत्तीचा नव्हे, विभूतीचाही नव्हे. मिठाच्या पाण्यात भिजवून कपाळावर ठेवलेल्या पट्टीचा, ओल्या फडक्याचा वास.

मग मुक्या स्पीकरमध्ये काहीतरी खरखरलं.

"पने..."

आवाज बारीक होता. घसा कोरडा पडलेल्या पोराचा होता.

लहानपणी दोन्ही लेकरांना बाईंनीच शिकवलं होतं. दिवेलागणीला हाक आली तर पहिलीला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. माणूस असला तर तिसरी मारतोच. वाईट काही असलं तर दोनवर थांबतं.

"पने..."

दोन झाल्या. बाई देवाचं नाव घेऊ लागल्या. थांबू दे... आता थांबू दे. पण आतून दुसरंच काहीतरी म्हणत होतं, अजून एकदा बोल, बाळा. एकदाच बोल. बारा वर्षांनी ऐकतेय.

प्रणिताच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं. दहा वर्षांच्या पोरीचं हसू. तिची बोटं निळ्याच्या बटणांकडं सरकली. बाईंनी तिचा हात धरला आणि चटका बसल्यासारखा सोडला. हात तव्यासारखा तापला होता. घटकाभरापूर्वी हाका मारून बोलवणारी धडधाकट पोरगी, तिचे ओठ सुकले होते, डोळे तांबारले होते.

"पने, ओ देऊ नको... माज्याकडं बघ, माय."

तिनं बघितलं नाही. तोंड उघडलं.

स्पीकर पुन्हा खरखरला.

बाईंनी वाकून बोर्डातली पिन हिसकली. त्याच क्षणी स्पीकरमधून अर्धवट "प..." ऐकू आलं, आणि त्याच क्षणी प्रणिता म्हणाली, "ओ."

पडदा काळा झाला. पिन हातात घेऊन बाई भिंतीला टेकल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या काळ्या पडद्याकडं बघून त्यांना जे सुचलं ते त्या बोलल्या. पुन्हा तेच बोलल्या.

"लाईट गेली, बाळा... झोप आता."

पुढं दुकानात शंकरप्पा गिऱ्हाइकाशी हसून बोलत होते. खोलीत मात्र काहीच हलत नव्हतं. ओल्या फडक्याचा वास हळूहळू विरला. बाईंना वाटलं, टळलं. देव पावला. स्वतःच्या कपाळावरची विभूती बोटावर घेऊन त्यांनी ती प्रणिताच्या कपाळाला लावायला हात पुढं केला.

प्रणितानं मान वर केली. छताकडं बघितलं. बराच वेळ बघत राहिली.

मग कोरड्या घशानं, अगदी हळू, रुसल्यासारखी म्हणाली,

"लाईट कुठं गेली, अव्वा?... बल्ब तर चालू हाय."