पाचव्या गोलातली बाई

मन्मथ पेंटरला या पोस्टरातून काय काय मिळायचं होतं, ते आधी बघू. एक, खालच्या उजव्या कोपऱ्यात त्याचं नाव. दोन, ते नाव लातूरपासून नांदेडपर्यंतच्या प्रत्येक एसटी स्टँडावर. तीन, पाट्यांमधून सुटका. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं होत आली होती आणि या चार वर्षांत मन्मथनं 'जि. उस्मानाबाद' पुसून 'जि. लातूर' लिहिण्यापलीकडं फारसं काही केलं नव्हतं. शाळा, सोसायट्या, दवाखाने, एक स्मशानभूमीसुद्धा. अक्षर सुबक होतं, पण पाटीखालचं पेंटरचं नाव कोण वाचतो? कॅसेटच्या पोस्टराची गोष्ट निराळी. त्यावर चेहरे असतात, आणि चेहऱ्यापाशी माणूस थांबतो.

पोस्टर सिद्रामप्पांचं होतं. दुष्काळानं त्यांची दाळमिल अर्धी बंद पडलेली. रिकाम्या गोदामाच्या भिंतींना जुन्या गाद्या टांगून त्यांनी रेकॉर्डिंगची खोली केली आणि निलंग्याकडच्या एका गावातून चार बाया आणल्या. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडताना या चौघी जात्यावरची गाणी म्हणायच्या. म्होरकी सुमनबाई. तिनं आवाज लावला की मुकादम जेवणाची शिट्टी वाजवायची विसरायचा. कॅसेट चालली तर पुढच्या उन्हाळ्यात हातात हातोडा धरायचा नाही, एवढंच तिला हवं होतं.

मन्मथनं चार फोटोंवरून चार गोल केले. वर सुमनबाई आणि तिची नणंद पंचशीला, खाली बाकीच्या दोघी. सिद्रामप्पांनी चित्र लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं.

"मधी मोकळं दिसायलंय रं."

"मधी जातं काढतो, मालक."

"जातं घरोघर हाय. बाई काढ. आपल्या लिंगायतातली काढ, कपाळाला विभूती लाव. उदगीर-निलंग्याकडं आपली माणसं तिच्याकडं बघून कॅसेट घेतील."

"पण गाणाऱ्या चारच हायत."

"मग? पोस्टर काय गातं व्हय?"

नावही त्यांनीच दिलं. शांतम्मा.

नसलेल्या माणसाचा चेहरा मनानं काढायचा म्हणजे दोन दिवसांची मेहनत. मन्मथनं ती अर्ध्या दिवसावर आणली. डोळे आणि नाक एका दंतमंजनाच्या कॅलेंडरवरून घेतलं. ओठांसाठी सुमनबाईच्या फोटोवरून उतरवलेला ट्रेसिंग पेपर हाताशी होताच. तो उलटा ठेवला आणि गिरवला. उलटा केल्यावर कोण ओळखतंय? धंद्यात सगळेच करतात.

पोस्टरं सोलापुरात छापून आली. बाजारातल्या गोलाईत लागली, स्टँडावर लागली, नांदेडकडं गेली. कॅसेट खपू लागली. मूळ चित्र मन्मथनं दुकानात समोरच्या भिंतीला टांगलं, येणाऱ्याला आधी कोपऱ्यातलं नाव दिसावं म्हणून.

आठव्या दिवशी उमरीहून केरबा नावाचा माणूस आला. डोक्याला रुमाल, हातात पिशवी. तो नावाकडं बघेना.

"ही मधली बाई कुठं राहती?"

"कुठं न्हाई. म्या मनानं काढलीय."

"शांतम्मा लिवलंय तुमी. तिचं नाव निराळं हाय. विभूती बी लावत न्हवती." केरबा चित्राजवळ गेला. "भईन हाय माझी. बहात्तरच्या दुष्काळात पाण्याला गेली, ती आली न्हाई."

मन्मथ हसला. "पाव्हणं, कॅलेंडर बघून काढलंय."

"मग भुवईतला तीळ तुमाला कसा ठावा?"

मन्मथनं उठून बघितलं. डाव्या भुवईत बारीक काळा ठिपका होता. ब्रश झटकताना उडाला असेल, असं तो म्हणाला. केरबानं एक पोस्टर मागून घेतलं, घडी न घालता पिशवीत उभं ठेवलं आणि गेला.

त्या पंधरवड्यात आणखी दोघं आले. देगलूरच्या म्हातारीला ती सून वाटली, उदगीरच्या मास्तरांना आई. तीळ दोघांनाही दिसला नाही. म्हातारीनं गालावरचं गोंदण दाखवलं, मास्तरांनी फुटलेली कानाची पाळी. दोन्ही चित्रात होती. ती कधी काढली हे मन्मथला आठवेना. तिघांत एकच गोष्ट सारखी होती, साल. बहात्तर.

मन्मथ हिशेबी माणूस. दुष्काळात माणसं सैरभैर होतात, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि कामाला लागला.

दुकानाशेजारी चहाचं हॉटेल होतं. तिथं दिवसभर तीच कॅसेट वाजायची. एका दुपारी, उन्हानं रस्ता ओस पडलेला असताना, मन्मथनं ती पहिल्यांदा नीट ऐकली. सुमनबाई ओळ उचलायची, तिघी मागून यायच्या, मग ओळीच्या शेवटी चौघीही थांबून श्वास घ्यायच्या. त्या थांबण्यात एक आवाज थांबत नव्हता. बारीक, सरळ, चौघींच्या खालून चाललेला. मन्मथ मोजत बसला. दोन्ही बाजू संपल्या. त्या आवाजानं एकदाही श्वास घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सुमनबाई आणि पंचशीला दुकानात आल्या. सुमनबाईनं तोंड उघडलं, पण कोरड्या पानासारखं काहीतरी वाजलं.

"पोस्टर लागल्यापास्नं असं व्हायलंय," पंचशीला म्हणाली. "आधी घसा बसला म्हटलं. आता हाक मारली तर पोरगीच काय, शेळी सुदिक वळत न्हाई."

सुमनबाई हसली. हसण्याचाही आवाज आला नाही.

पंचशीला भिंतीवरच्या चित्राकडं बघत होती. आधी वरचा गोल, मग मधला, मग पुन्हा वरचा.

"मन्मथदादा, लहानपणी पडून वहिनीच्या ओठाला डावीकडं खाच पडलीय. हिच्या उजवीकडं हाय. आरशात बघावं तशी."

"असतंय सारखं," मन्मथ म्हणाला.

"तोंड कुणाचं घेतलं?"

"कुणाचं न्हाई. मनानं."

खोटं बोलताना तो ब्रश धुवत होता. ब्रश कधीच स्वच्छ झाला होता.

सिद्रामप्पांना दुसरी कॅसेट घाईनं काढायची होती. गोदामात रेकॉर्डिंग ठेवलं आणि नव्या पोस्टराचं बोलायला मन्मथला बोलावलं. गाद्यांच्या भिंतींत उकडत होतं, डाळीच्या टरफलांचा वास कोंदला होता. चौघी माइकपुढं बसल्या. सुमनबाईनं तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या. खोलीत काहीही ऐकू आलं नाही. तिघी बिचकून गप्प झाल्या.

कानाला हेडफोन लावलेले सिद्रामप्पा मात्र डोलत होते.

"वा! मागच्यापरीस गोड!"

त्यांनी टेप मागं घेऊन लावली. सुमनबाईचा भरदार आवाज गोदामभर झाला. तीन मिनिटं. कुठंही न थांबता.

"मालक," पंचशीला उठली, "वहिनीच्या तोंडातून शब्द आला न्हाई."

"टेपात आलाय का न्हाई? मग तोंडातून यायची काय गरज?"

बाहेर पडताना सुमनबाई मन्मथपुढं उभी राहिली. तिनं आधी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं, मग दुकानाच्या दिशेला हात केला. डोळ्यांत राग नव्हता. उसनं दिलेलं भांडं परत मागायला आलेल्या शेजारणीसारखी ती उभी होती.

"बघतो," तो म्हणाला.

सिद्रामप्पांनी ते ऐकलं. "त्या चित्राला हात लावलास तर पुढची दहा पोस्टरं नांदेडच्या पेंटरला. तुज्या पाट्या हायतच."

मन्मथनं चार दिवस घेतले. दहा पोस्टरं, दहा कोपरे, दहादा नाव. दुसऱ्या बाजूला एका बाईचा आवाज, तोही तिनं मागितला म्हणून, आणि परत येईलच याची खात्री नाही. चार दिवस पारडं एकाच बाजूला होतं. पाचव्या दिवशी गोलाईत त्याला सुमनबाईची मुलगी दिसली. सहा-सात वर्षांची. गर्दीत आईपासून चार पावलं पुढं गेलेली. आई मागून टाळ्या वाजवत होती. मुलगी वळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात त्यानं पांढऱ्या पोस्टर कलरची बाटली उघडली. या धंद्यात चूक पांढऱ्यानं झाकतात. वाळलं की वर नवं काढायचं. त्याला मधल्या गोलातले ते ओठ झाकायचे होते आणि कुणाचेही नसलेले नवे काढायचे होते. पहिला हात कागदानं पिऊन टाकला, ओठ तसेच. दुसरा हात दिला. तोही आत गेला. तिसरा त्यानं जाडसर दिला, कडा सरळ धरून.

तो टिकला.

शेजारच्या हॉटेलात गाणं ओळीच्या मधेच तुटलं. टेप फिरत होती, जात्याची घरघर येत होती. आवाज तेवढा नव्हता.

मन्मथला बरं वाटलं. टेपातून गेला, म्हणजे तिच्या घरी गेला. रंग वाळेपर्यंत थांबवेना. त्यानं निलंग्याची गाडी धरली.

गाडीत त्यानं मनाशी मांडलं. सिद्रामप्पांची कॅसेट गेली. आपले कोपरे गेले. उमरीच्या केरबाची बहीण दुसऱ्यांदा गेली. सगळ्यांनी थोडंथोडं भरलं, सुमनबाईचं तेवढं तिला मिळालं. जमलं.

गावाच्या तोंडाशी टँकर उभा होता. घागरींची लांब रांग.

रांगेतून पंचशीलानं मन्मथला लांबूनच बघितलं. ती पुढं आली नाही.

"वहिनी दुपारपास्नं धुवायलीय," ती म्हणाली. "निघना."

सुमनबाई वळली.

तिच्या ओठांवर पांढरा थर होता. जाड, वाळलेला. कडा सरळ.

तिनं तांब्या तोंडाला लावला. पाणी हनुवटीवर आलं, गळ्यावरून उतरलं, मातीत गेलं. तिनं पुन्हा लावला.

टँकरच्या रांगेत एवढं पाणी सांडलं, तरी कुणी ओरडलं नाही.